पाठीचा बाक आणि त्यावरचा अभ्यास



या वसंतातील ज्ञानसत्रात आपण राजकारण, अर्थकारण, साहित्य असे थोर विषय ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही पाठीचा विषय आणून बसवीत आहोत, याचे कोणास नवल वाटले तर ते साहजिकच आहे. पण पाठीचे नाव काढताच समोरच्या तीन-चार रांगांतील मंडळी सावरून ताठ बसली, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. आणखी पाच-सात मिनिटांत या पाठी पुन्हा होत्या तेथे जातील. त्यात कोणाचा काही अपराध नाही. त्या तशा का जातात, आणि त्यांनी जाऊ नये म्हणून काय करता येते, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

पोक काढून बसणाऱ्या मुलावर आपल्याकडे पहिला उपाय होतो तो शब्दाचा. ‘सरळ बस’ अशी आज्ञा होते. ती पाळली जाते, आणि आज्ञा करणारा दृष्टीआड होताच मोडली जाते. मग दुसरा उपाय म्हणजे पाठीत धपाटा. पिढ्यान्‌पिढ्या हे दोन्ही उपाय चालू आहेत आणि पोकही चालू आहे. यावरून मुले आळशी झाली असा निष्कर्ष काढण्याचा प्रघात आहे. उपायातच काही उणे असावे, असे मात्र कोणाच्या मनात येत नाही. वस्तुस्थिती अशी की शरीर उभे धरण्याचे काम अजाणता चालणारे आहे. जे काम अजाणता चालावयाचे ते आज्ञेने फार वेळ चालविता येत नाही. लक्ष पुस्तकाकडे गेले की ते पाठीवरून उठलेच. तेव्हा पाठ सरळ राहावयाची असेल तर ती सरळ धरणाऱ्या स्नायूंच्या अंगी तेवढे बळ आणि तेवढी सवय आणली पाहिजे. हे काम आज्ञेचे नसून अभ्यासाचे आहे, हा आमचा मुख्य सिद्धांत.

प्रथम सरळ पाठ कशाला म्हणावे, ते पाहू. कण्याला आपण काठीची उपमा देतो. ती फारशी बरोबर नाही. मानेत सात, पाठीत बारा आणि कमरेत पाच असे चोवीस सुटे मणके एकावर एक रचलेले असतात, आणि त्यांच्या रचनेत निसर्गानेच बाक ठेवले आहेत. मानेचा आणि कमरेचा बाक पुढच्या बाजूस झुकतो, पाठीचा मागच्या बाजूस. तरुण माणसाच्या पाठीचा हा बाक सामान्यतः वीस ते चाळीस अंशांचा असतो. म्हणजे थोडा बाक हा दोष नव्हे. तो धक्का सोसणारी कमान आहे. ही कमान बेताबाहेर वाढली म्हणजे तिला आपण पोक म्हणतो. आणि पाठ पुढे वाकली की मानेलाही स्वस्थ राहता येत नाही, कारण डोळ्यांना तर समोर पाहावयाचे असते. म्हणून मान पुढे सरकते आणि तिचा वरचा भाग मागे मुडपतो. मानेचे आणि पाठीचे असे एकच दुखणे आहे. नुसत्या मानेला शेक-मालीश करणारा मनुष्य गळक्या छपराखाली भांडे ठेवून छपराकडे न पाहणाऱ्यासारखा आहे.

या स्थितीचे एक सुबोध चित्र प्राग येथील चेक वैद्य व्लादिमीर यांदा (१९२८–२००२) यांनी काढून ठेवले आहे. यांदांना स्वतःला पंधराव्या वर्षी पोलिओने गाठले होते. तरीही पुढे त्यांनी स्नायूंच्या पुनर्वसनाला आयुष्य वाहिले. त्यांचे म्हणणे असे. माणसाला एका बाजूने पाहावे आणि त्याच्या खांद्यावर मनातल्या मनात एक फुली काढावी. फुलीच्या एका रेषेवर छातीचे आणि मानगुटीचे स्नायू येतात. ते आखडलेले असतात. दुसऱ्या रेषेवर गळ्याच्या आतले आणि खांद्याच्या दोन पात्यांमधले स्नायू येतात. ते दुबळे झालेले असतात. आखडलेले पुढे ओढतात आणि दुबळ्यांना ते परत खेचता येत नाही. प्रत्येक देहात ही फुली हुबेहूब सापडेल असे नाही. परंतु अभ्यास आखण्यास ती फार सोयीची आहे. आखडलेल्यास मोकळे करावे, दुबळ्यास सबळ करावे, हे दोन शब्दांत त्याचे सार.

आता कारणांकडे वळू. सगळा दोष मोबाइलवर टाकून मोकळे होण्याची हल्ली चाल आहे. पण पोक मोबाइलपेक्षा फार जुना आहे. शिवणयंत्रावर वाकलेला शिंपी, बागेसरीवर झुकलेला सोनार, रापी चालविणारा चांभार, कोकणातल्या खाचरांत दिवसभर ओणवी होऊन भात लावणारी बाई, खतावणीवर मान घातलेला कारकून, या सर्वांच्या पाठीवर त्यांच्या धंद्याची मुद्रा उमटतच आली आहे. मोबाइलने इतकेच केले की जो बाक पूर्वी धंद्याला जडलेला होता, तो आता रिकाम्या वेळालाही जडला.

या बाबतीत एक हिशेब पुष्कळांनी ऐकला असेल. न्यू यॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी तो २०१४ साली मांडला. माणसाचे डोके सुमारे पाच किलो वजनाचे. ते पंधरा अंश पुढे झुकले की मानेवर सुमारे बारा किलोंचा भार येतो, तीस अंशांना अठरा, पंचेचाळीस अंशांना बावीस आणि साठ अंशांना सत्तावीस. हे आकडे गणिताने काढलेले आहेत. मान खाली घातल्याबरोबर तिला इजा होते, असा त्यांचा अर्थ करू नये. मान वाकण्यासाठीच आहे. मात्र तेच ओझे रोज चार-सहा तास, मधे न थांबता, एकाच जागी उचलून धरावे लागले, तर कोणताही हमाल थकेल. मग मानेने काय करावे?

येथे आणखी एक खुलासा अवश्य आहे. वाकलेली प्रत्येक पाठ दुखते असे नाही, आणि दुखणारी प्रत्येक पाठ वाकलेली असते असेही नाही. केवळ दुखण्याची भीती घालून आम्हांला आपणांकडून व्यायाम करवून घ्यावयाचा नाही. लाभ दुसरीकडे आहेत, आणि ते येथेच पडताळून पाहता येतील. बसल्या जागी मुद्दाम पोक काढा आणि दोन्ही हात कानांजवळून वर न्या. कोठवर जातात ते पाहा. आता पाठ लांब करून तेच हात पुन्हा वर न्या. चार बोटांचा तरी फरक पुष्कळांना दिसेल. तसेच पोक काढून एक दीर्घ श्वास घ्या आणि मग सावरून घ्या. बरगड्यांना पसरावयास जागा मिळाली म्हणजे काय होते, हे सांगण्यास मग व्याख्याता लागत नाही. वरच्या फळीवरचा डबा काढणे, रस्ता ओलांडताना मागे वळून पाहणे, जिना चढताना दम पुरणे, म्हातारपणी तोल सांभाळणे, ही सारी कामे या बाकाशी जोडलेली आहेत.

आता परीक्षा. घरी जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहावे. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकवावी आणि हनुवटी वर न उचलता, नजर समोर ठेवून, डोक्याची मागची बाजू भिंतीला लागते का ते पाहावे. सहज लागली तर उत्तम. न लागली तर मधे किती बोटे मावतात ते दुसऱ्याकडून मोजून घ्यावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. दुसरी परीक्षा अशी की पालथे निजून छाती जमिनीवरून थोडी उचलावी आणि कोणास तरी पाठ पाहावयास सांगावे. बाक मावळला तर तो सवयीचा बाक होय. त्यावर अभ्यासाचा उपाय चालतो. बाक तसाच ताठर राहिला तर मणक्यांच्या घडणीत फरक पडला असण्याचा संभव आहे. वाढीच्या वयातील काही मुलांमध्ये मणके पुढच्या बाजूला पाचरीसारखे निमुळते होतात. डेन्मार्कचे वैद्य शॉयरमान यांनी हा विकार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर वर्णन केला. अशा मुलाला धपाटे घालणे हा शुद्ध अन्याय आहे.

काही प्रसंगी व्यायामाआधी डॉक्टरांची पायरी चढलीच पाहिजे. पाठीत एकाच जागी टोकदार उंचवटा आला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याचा क्षयरोग आहे का, हे आपल्या देशात अगोदर तपासावयास हवे. तरुण माणसाची पाठ पहाटे दुखून जागी करीत असेल आणि उठल्यावर अर्धा-पाऊण तास आखडलेली राहत असेल, तर तो सांधेदाहाचा प्रकार असू शकतो. हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा येणे, चालताना तोल जाणे, साध्या पडण्याने किंवा वजन उचलल्याने पाठीत एकदम कळ येणे, चार सेंटिमीटरांहून अधिक उंची कमी होणे, यांपैकी काहीही असले तरी आमचे व्याख्यान बाजूला ठेवावे आणि डॉक्टरांना भेटावे.

आता प्रत्यक्ष अभ्यास. भागवतात कुब्जेची कथा आहे. श्रीकृष्णाने तिच्या पावलांवर पाऊल ठेवले, दोन बोटांनी हनुवटी उचलली, आणि तिची तिन्ही ठिकाणी वाकलेली काया क्षणात सरळ झाली. ते देवाचे काम. आपणां माणसांना क्षणाऐवजी सहा महिने मोजावे लागतात. आणि हनुवटी तर आपण मुळीच उचलावयाची नाही, कारण हनुवटी उचलली की मानगूट अधिकच मुडपते. उंच व्हावयाचे ते टाळूने.

पहिला अभ्यास हनुवटी मागे घेण्याचा. ताठ बसावे, नजर समोर ठेवावी आणि हनुवटी वर-खाली न करता, खण मागे सरकवावा तशी, सरळ मागे न्यावी. गळ्याखाली दुहेरी हनुवटी पडली की कृती साधली. पाच आकडे थांबावे आणि सोडावे. अशी दहा आवर्तने. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेंझी (१९३१–२०१३) यांनी मानेच्या उपचारांत या हालचालीला मोठे स्थान दिले. यात जोर लावावयाचा नसतो. हाताकडे कळ उतरू लागली तर थांबावे.

दुसरा अभ्यास छाती मोकळी करण्याचा. दाराच्या चौकटीत उभे राहावे, कोपरे खांद्याइतकी उंच ठेवून दोन्ही हात चौकटीला टेकवावे, एक पाऊल पुढे टाकावे आणि छातीला गोड ताण बसेल इतकेच पुढे व्हावे. अर्धा मिनिट थांबावे. असे तीन वेळा.

तिसरा अभ्यास वळकटीचा. जाड टॉवेलची घट्ट वळकटी करून ती जमिनीवर आडवी ठेवावी आणि तिच्यावर अशा रीतीने उताणे निजावे की ती खांद्याच्या पात्यांखाली येईल. गुडघे उभे ठेवावे. डोके लोंबत असेल तर त्याखाली घडी द्यावी. दोन-तीन मिनिटे शांत दीर्घ श्वास घ्यावा. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला मागे जाण्याची ही आठवण होय. हाडे ठिसूळ झालेल्यांनी मात्र वळकटी घेऊ नये. सपाट चटईवर निजणे त्यांस पुरे.

चौथा अभ्यास पात्यांच्या स्नायूंचा, आणि सर्वांत महत्त्वाचा. पालथे निजावे, कपाळाखाली घडी घ्यावी, हात अंगाजवळ ठेवावे. दोन्ही पाती मागे आणि कमरेच्या दिशेने ओढून छाती जमिनीवरून चार बोटे उचलावी. हनुवटी आत, नजर जमिनीकडे. पाच आकडे थांबून खाली यावे. आठ ते दहा आवर्तने. आसने करणाऱ्यांच्या ध्यानात आले असेल की हे भुजंगासन आणि शलभासन यांचेच भावंड आहे. फरक इतकाच की येथे हातांनी जमीन रेटावयाची नाही. हात रेटू लागले की पाठ विश्रांती घेते. ज्यांना जमिनीवर निजणे जमत नाही त्यांनी खुर्चीवर बसून, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून, वल्हे मारावे तसे दोन्ही हात मागे ओढावे.

पाचवा अभ्यास भिंतीचा. भिंतीला पाठ लावून, टाचा वीतभर पुढे घेऊन, कोपरे व मनगटे शक्य तितकी भिंतीला लावून हात हळूहळू वर सरकवावे आणि खाली आणावे. दहा वेळा. वाचावयास हे सोपे वाटते; करू पाहणाऱ्यास पाचव्या खेपेला घाम येतो.

या सर्वांस मिळून पंधरा मिनिटे लागतात. आठवड्यातून पाच दिवस ती काढावी. फळ किती मिळते? खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी साठीपुढील नव्व्याण्णव माणसांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिने पाठीचे बळ वाढविण्याचा व्यायाम आणि बसण्या-उठण्याचे शिक्षण दिल्यावर क्षकिरणचित्रात बाक सुमारे तीन अंशांनी कमी झालेला आढळला. तीन अंश म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ज्या वयात बाक केवळ वाढतच जातो अशी आपली समजूत असते, त्या वयात तो उलट्या दिशेने तीन अंश फिरला, हीच गोष्ट आम्हांस मोठी वाटते. तरुणांच्या सवयीच्या बाकाला तर याहून अधिक आशा आहे.

घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांविषयी एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावयाची आहे. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होत जातात आणि मणके पुढच्या बाजूने हळूहळू चेपतात. ‘वय झाले, वाकणारच’ असे म्हणून आपण ते सोडून देतो. किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून आजीबाईंना पायाचे अंगठे धरावयास लावतो. हा दुसरा प्रकार घातक आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मेहरशीद सिनाकी व त्यांच्या सहकाऱ्याने १९८४ साली अशा एकोणसाठ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना पाठ मागे नेण्याचे व्यायाम दिले त्यांच्यात शेकडा सोळा जणींचे मणके पुढे आणखी चेपले. ज्यांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले त्यांच्यात हे प्रमाण शेकडा एकोणनव्वद होते. पाहणी लहान होती, हे खरे. पण तिने दाखविलेली दिशा स्पष्ट आहे. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांनी पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन असे पुढे वाकण्याचे प्रकार करू नयेत. जमिनीवरची वस्तू उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे. व्यायाम म्हटला की तो सर्वांना सारखाच हितकर, ही समजूत येथे हाड मोडून घेण्यास कारण होते.

मग आपल्या सूर्यनमस्कारांचे काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात नमस्कारांचा प्रसार केला, आणि त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली निघाले. निरोगी माणसास नमस्कार उत्तमच. त्यात पुढे वाकणे आणि मागे जाणे आळीपाळीने येते. परंतु संख्येच्या नादात मागे जाणारा भाग आपण घाईने उरकतो, आणि मान मागे झुगारून दिली म्हणजे छाती उघडली असे समजतो. पंचवीस घाईचे घालण्यापेक्षा सहा सावकाश घालावे. तालमीतल्या आणि हल्लीच्या जिममधल्या तरुणांनाही एक सुचवावेसे वाटते. दंड आणि छातीचे प्रकार यांनी शरीराची पुढची बाजू भरते, कारण आरशात तीच दिसते. ढकलण्याचे जितके व्यायाम कराल तितकेच ओढण्याचेही करा. मल्लखांबावर आणि दोरीवर चढणाऱ्या मुलांच्या पाठी पाहिल्या म्हणजे याचे मर्म कळेल.

दिवसाच्या चोवीस तासांत पंधरा मिनिटांचा अभ्यास आणि उरलेला वेळ त्याच्या उलट, असे होऊ नये. स्वयंपाकाचा ओटा कोपरापेक्षा चार-पाच बोटे खाली असावा. त्याहून फार खाली असेल तर पोळपाटाखाली पाट घ्यावा. संगणकाचा पडदा नजरेच्या उंचीवर आणावा. मोबाइल पोटाशी न धरता छातीशी धरावा. आपल्या वाडवडिलांनी पोथी मांडीवर न ठेवता लाकडी स्टँडवर उंच ठेवली, त्यात पोथीचा मान तर होताच, वाचणाऱ्याची मानही होती. मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या एकदशांशाहून जड नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सांगितले आहे. घरच्या काट्यावर ते एकदा तोलून पाहावे. आणि कितीही उत्तम आसन असले तरी अर्ध्या तासाने त्यातून उठावे. सर्वांत चांगली बैठक ती, जी फार वेळ टिकत नाही.

शेवटी एक गोष्ट स्नायूंच्या पलीकडची. आपल्या भाषेत ताठ कण्याचा माणूस हा गौरव आहे. परंतु बारा-तेरा वर्षांची मुलगी वाढू लागली की तिला आपण मान खाली घालून चालावयास शिकवितो. ती उंच असली तर उंचीची लाज वाटावी असे बोलतो. ती खांदे पुढे ओढून छाती झाकते, दप्तर पोटाशी धरते आणि लहान दिसण्याचा प्रयत्न करते. मग वीस वर्षांनी तिची मान दुखते, आणि पन्नास वर्षांनी तिचीच पाठ वाकलेली पाहून ‘वय झाले’ असे आपण म्हणतो. विनय मनात असतो. त्यासाठी मणके वाकविण्याची जरुरी नाही. तेव्हा ज्या घरात मुली आहेत त्या घरातील वडिलांनी आणि आईने हे अभ्यास मुलीस शिकवावेतच. पण त्याआधी तिची मान वर असलेली पाहण्याची सवय आपल्या डोळ्यांना लावावी.

आज रात्री प्रत्येकाने घरच्या भिंतीशी उभे राहावे आणि घरातल्या सर्वांची बोटे मोजावी, आजीबाईंपासून नातवापर्यंत. आकडे पंचांगाच्या किंवा दिनदर्शिकेच्या पानावर लिहावे. दिवाळीनंतर तीच भिंत, तीच बोटे. एका बोटाचा फरक पडलेला दिसला, तर तो आपल्या अभ्यासाचा.